लग्न, व्हिसा आणि माध्यमं: या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पत्रकारिता शिकवणारी बाई लग्नांवर संशोधन कशाला करते, हा प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतींत हमखास विचारला गेला. माझं उत्तर आजही तेच आहे. परदेशी स्थायिक झालेल्या समाजात लग्न जुळतं ते बरंचसं माध्यमांतून, आणि जोडीदार एका छताखाली कधी येणार हे ठरवतात स्थलांतराचे कायदे. ही दोन्ही टोकं एकत्र धरणारे अभ्यासक कमी आहेत, म्हणून नव्या मुलामुलींनी इकडे यावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात विवाहविषयक छोट्या जाहिरातींपासून करा. चार ओळींत जात, उंची, शिक्षण आणि त्याच दमात 'एच-१बी' (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) किंवा 'ग्रीन कार्डधारक'. विवाहसंकेतस्थळांवर तर नागरिकत्वासाठी वेगळा रकानाच असतो. मजकूर बारकाईने वाचायची सवय आपल्याला असते, पण इथे तेवढ्यावर भागत नाही. त्या वर्षीचा कायदा शेजारी उघडून ठेवावा लागतो. अमेरिकेत एच-१बीवर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. या व्हिसावर २०१५ पर्यंत नोकरी करताच येत नव्हती. त्या वर्षी मुभा मिळाली तीही सरसकट नाही, तर मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली होती त्यांनाच. हे माहीत असलं की जाहिरातीतला व्हिसाचा उल्लेख नुसता तोरा वाटत नाही. लग्न करून जाणाऱ्या इंजिनिअर मुलीला तिथे स्वतःची कमाई असेल का, याचं उत्तर त्यात असतं.

मला या विषयात खऱ्या अर्थाने ओढलं ते ब्रिटनने. तिथे १९९७ पर्यंत एक नियम होता. बाहेरून येणाऱ्या जोडीदाराने सिद्ध करायचं, की ब्रिटनमध्ये शिरकाव हा या लग्नाचा मुख्य हेतू नाही. आईवडिलांनी ठरवलेल्या लग्नात हे सिद्ध कसं करणार? भारतीय उपखंडातल्या कुटुंबांना त्याचा मोठा फटका बसला. मग लग्नानंतर जडलेला जिव्हाळा दाखवायला एकमेकांना लिहिलेली पत्रं आणि भेटींचे पुरावे अधिकाऱ्यांपुढे, न्यायाधिकरणांपुढे मांडले जात. तो नियम गेला, पुराव्याची मागणी मात्र राहिली. नातं खरं आहे हे आजही दाखवावं लागतं आणि शिवाय ऐपतीची अट आहेच: २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्न, एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांना २९,००० पौंड.

पत्रांची जागा आता व्हॉट्सॲपने घेतली आहे. एका जोडप्याने मला त्यांची फाइल दाखवली. 'जेवलीस का?', 'पोचलास?' अशा संदेशांचे छापील कागद, प्रत्येक तारखेवर पिवळा मार्कर फिरवलेला. भांडणाचे दिवस त्यांनी गाळले होते. हे कुणीतरी तिसरं वाचणार आहे असं वकिलाने सांगितल्यापासून आपण नवऱ्याला वेगळ्या तऱ्हेने लिहायला लागलो, असं ती म्हणाली. त्या फाइलमध्ये माध्यम, स्थलांतर आणि लग्न अशी तिन्ही एकाच ठिकाणी होती. गप्पा सरकारदरबारी पुरावा झाल्या की गप्पाच बदलतात, आणि नेमकं हे बदलणं टिपायला पत्रकारितेत तयार झालेला कान फार उपयोगी पडतो.

वाचनाची सुरुवात कुठून करायची? मारी गिलेस्पी यांनी लंडनच्या साउथॉलमधली पंजाबी तरुण मुलं टीव्ही कशी बघतात आणि त्यावरून घरच्या इभ्रतीबद्दल काय बोलतात, याचा अभ्यास केला. तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर यांचं २०१२ मधलं काम ब्रिटनमध्ये राबणाऱ्या फिलिपिनो माता आणि मागे राहिलेली त्यांची मुलं यांच्याबद्दल आहे. फोन करायचा, ईमेल धाडायची की व्हिडिओवर समोर यायचं, या निवडीतही नात्याचा अर्थ असतो, हे त्यांच्याकडून शिकावं. भारताच्या बाजूने रजनी पालरीवाला आणि पॅट्रिशिया उबेरॉय यांनी २००८ मध्ये संपादित केलेले लग्न आणि स्थलांतरावरचे लेख चुकवू नयेत.

नोकरीचं म्हणाल तर दोन विभागांच्या मध्ये उभं राहायची तयारी ठेवा. पत्रकारिता विभाग विचारतो यात माध्यम कुठे आहे, समाजशास्त्र विभाग विचारतो यात सिद्धांत कुठे आहे. मार्गदर्शक एका विभागातला आणि सहमार्गदर्शक दुसऱ्यातला मिळाला तर फार बरं.

बातमीदारीतून येणाऱ्यांना सगळ्यात जड जातं ते नाव न छापणं. परदेशातल्या छोट्या समाजात नाव बदलून काही लपत नाही. गाव, पोटजात आणि नवऱ्याची नोकरी एका वाक्यात आली की कार्यक्रमाला जमलेले सगळे ओळखतात ही कोण. असे तपशील मी वेगवेगळ्या प्रकरणांत विखरून टाकते किंवा सरळ सोडून देते. चॅट वापरायचं तर ते दोघांचं असतं, तेव्हा बायकोची संमती पुरेशी नाही, नवऱ्याचीही लेखी घ्यावी.

नवऱ्याने परदेशी नेलंच नाही किंवा तिथे नेऊन सोडून दिलं, अशा बायकांकडे तर प्रश्नावली घेऊन जाण्याआधी मदतीची माहिती घेऊन जा. अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांतल्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. तिथे अर्ज कसा करायचा, कोणते कागद जोडायचे, हे आधी समजून घ्या. समोरची बाई ते विचारते, आणि त्या वेळी रेकॉर्डर बंद करून तिला अर्ज लिहायला मदत करायची.