खंडेनवमीआधी आजोबांची रायफल धुताना

आमच्याकडं खंडेनवमीला देव्हाऱ्यासमोर कोयता, खुरपं, पारळी आणि आजोबांची .३१५ रायफल ओळीनं मांडतात. राधानगरीच्या बाजूला आमचं ऊस-भाताचं रान आहे. रानडुकरं यायची म्हणून आजोबांनी पीक संरक्षणासाठी परवाना काढला होता. आता परवाना माझ्या नावावर आहे. तुमच्या नावावर नसेल तर घरातल्या बंदुकीला हातही लावू नका, आधी ते काम करा.

हे हत्यार जपणं म्हणजे तेल पाजणं, असं मीही समजत होतो. पहिल्या वर्षी बार टाकून आल्यावर नळी तेलानं चकचकीत केली. आठ दिवसांनी चिंधी लावलेला गज (नळी साफ करायची लांब सळई) आतून फिरवला तर चिंधी तांबूस! कारण जुन्या काडतुसाच्या टोपीत, म्हणजे ठोका बसून ठिणगी देणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असतं. बार उडाला की त्याचं क्षार होऊन नळीत बसतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात राधानगरीची हवा कशी असते, सांगायला नको. आणि हे क्षार म्हणजे एक मीठच, ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी पाणी, मग तेल.

सुरुवात रिकामी असल्याची खात्री करून. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागं ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यानं बघा आणि करंगळी घालूनही बघा. खात्री झाली की बोल्ट बाहेर काढा. एनफिल्ड (जुनी इंग्रजी लष्करी रायफल) धाटणीच्या रायफलचा हा मोठा फायदा, गज मागूनच घालता येतो. पुढून घातला तर नळीचं तोंड झिजतं आणि नेम बिघडतो.

आता नळीचं तोंड खाली करून बादलीवर धरा आणि मागून नरसाळ्यानं लिटरभर उकळतं पाणी सोडा. हाताला जाड फडकं गुंडाळा, नळी चांगलीच तापते. तापलेली नळी आतून लवकर सुकते, म्हणून पाणी कोमट नको. पाणी दस्त्याच्या लाकडाखाली शिरू देऊ नका, तिथला गंज दिसत नाही आणि वर्षानुवर्षं खात राहतो. बोल्टचं तोंडही ओल्या चिंधीनं पुसा, क्षार तिथंही असतं. मग कोरड्या चिंध्या, स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी बंदुकीचं पातळ तेल, अगदी हलका हात. लाकडाला जवसाचं तेल चोळा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी फिरवा. तांबूस आली तर सगळं पुन्हा करा.

नळी धुतानाच तिची तब्येत बघून घ्या. उजेडाकडं धरून आतून बघा: कुठं काळी गोल सावली दिसली तर नळी तिथं फुगलेली असू शकते. दस्त्याला बोल्टच्या मागं चीर गेली असेल, तर चालवू नका. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला दाखवा.

जुन्या रायफलवर दाब जास्त पडता कामा नये, हे मी फार मनापासून सांगतो. इंग्रज बंदूकवाले हिंदुस्थानसाठीच्या काडतुसांत कॉर्डाइट (बिनधुराची दारू) मुद्दाम कमी भरत, कारण उन्हात तीच दारू जास्त दाब देते. म्हणून एप्रिलात काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. चेंबरमधलं तेल पुसूनच बार टाका; तेलकट चेंबरमध्ये बोल्टवर जास्त जोर येतो. नळीवर .३१५ कोरलेलं असेल तर .३०३ चं काडतूस घालून बघायचंच नाही. आजोबांच्या डब्यात हिरवट पडलेली, मानेवर चिरलेली काडतुसं सापडतील. ती उडवायची नाहीत, फोडायची नाहीत, नव्यानं भरायची तर नाहीतच. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारून जमा करा.

आणि एक, आपल्या कोल्हापूरकरांना जड जाईल असं. चामड्याच्या म्यानात रायफल ठेवू नका. कितीही सुंदर असलं तरी चामडं ओलावा धरतं. मी माझी सुती कापडात, उभी, नळीचं तोंड खाली करून कुलपात ठेवतो.

पूजेत हळदकुंकू मी दस्त्याच्या लाकडाला लावतो. आईनं एके वर्षी बोल्टजवळ ओलं कुंकू लावलं होतं. पुसायचं राहिलं, आणि तिथं आज तीळभर खड्डा आहे.