फुटबॉल केक आणि मॅचवाल्या कुकीज

फुटबॉल केक करायचा असेल तर आधी वाटीसारख्या अर्धगोल भांड्यात केक बेक करा आणि पूर्ण गार होऊ द्या, कोमट केकवर क्रीम लावलं की सगळं वितळून खाली येतं. स्पंज जरा घट्टच हवा, एकदम हलका घेतला तर फॉन्डंटच्या (केकवर लावायच्या, लाटता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याच्या) वजनाने बसतो. वरून बटरक्रीमचा पातळ थर लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

आता खरी गंमत म्हणजे फॉन्डंटचे तुकडे. नेहमीच्या फुटबॉलवर १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन असतात, म्हणजे अर्ध्या बॉलला ६ आणि १० पुरतात. दोन्हींची बाजू सेम मापाची हवी नाहीतर कडा जुळतच नाहीत, म्हणून आधी कागदावर कापून केकवर ठेवून बघा. सुरुवात वरून करा, मधोमध एक काळा, भोवती पाच पांढरे, मग त्यांच्या खाचांत काळे. काळा फॉन्डंट तयारच आणा बरं का, पांढऱ्यात रंग मळत बसलात तर राखाडी होतो आणि हात काळे होतात ते वेगळंच!

कुकीजचं सोपं आहे. कापलेल्या कुकीज बेक करण्याआधी १५-२० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, आकार पसरत नाही. रॉयल आयसिंगचा (पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचं, वाळून कडक होणारं आयसिंग) केशरी थर रात्रभर वाळवून मगच काळ्या रेषा काढा, झाला बास्केटबॉल. टेनिस बॉलला पिवळसर हिरव्यावर दोन पांढऱ्या वळणदार रेषा बास.