बिनवासाचं शेव्हिंग क्रीम निवडून त्यात आपल्या आवडीचा सुगंध कसा घालावा

दाढी करताना क्रीम अगदी नाकाखालीच असतं. रोज चार-पाच मिनिटं त्याचा वास घेण्यावाचून गत्यंतर नसतं. तयार क्रीमचा वास उग्र वाटत असेल, डोकं चढत असेल किंवा रोज तोच तो वास घेऊन कंटाळा आला असेल, तर बिनवासाचं क्रीम आणून त्यात स्वतः सुगंध मिसळणं हा उत्तम उपाय आहे. मी बरीच वर्षं हेच करतो. सुरुवातीला माझं सगळं लक्ष तेलांच्या बाटल्यांकडे होतं, क्रीमकडे नव्हतं. तिथेच चुकत होतो. क्रीमच साधारण असेल तर कितीही सुंदर सुगंध घाला, दाढी खरखरीतच होणार. म्हणून आधी क्रीम पारखायचं आणि बाटलीचं झाकण नंतर उघडायचं.

लेबल वाचताना

डबीवर ‘अनसेंटेड’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यात सुगंधी द्रव्य नाहीच असं समजू नका. मूळ साबणाचा वास दाबण्यासाठी थोडं सुगंधी द्रव्य घालूनही एखादं क्रीम ‘अनसेंटेड’ म्हणून विकलं जातं. नाकाला काही जाणवत नाही, पण आपण आपलं तेल मिसळलं की ते दडलेलं द्रव्य मध्ये लुडबुड करतं आणि वास भलतीकडेच जातो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हा शब्द त्या मानाने भरवशाचा आहे, पण त्यावरही थांबू नये. डबी उलटी करून घटकांची यादी वाचावी.

यादीत परफ्यूम, फ्रॅग्रन्स किंवा अरोमा यांपैकी काही दिसलं तर डबी परत ठेवा. लिनालूल, लिमोनीन, सिट्रल, जिरॅनिऑल, युजेनॉल, कुमरिन ही नावंही शोधा. हे सुगंधी तेलांमधले घटक आहेत. युरोपीय नियमांनुसार, धुऊन टाकायच्या उत्पादनात असा घटक ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर त्याचं नाव स्वतंत्रपणे छापावं लागतं. त्यामुळे एखाद्या ‘नैसर्गिक’ क्रीममध्ये लॅव्हेंडर तेल गुपचूप घातलेलं असेल, तर ते बहुधा इथेच उघडं पडतं.

कोणत्या जातीचं क्रीम हवं

दाबल्यावर फेस बाहेर येणारे फवाऱ्याचे डबे या कामाचे नाहीत. डबा बंद आणि दाबाखाली असतो, आत काही घालताच येत नाही. उरतात दोन प्रकार.

पहिला प्रकार ब्रशने फेसायच्या क्रीमचा. माझं मत विचाराल तर हाच निवडा. मुळात हा मऊ साबण असतो: स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेलातली स्निग्धाम्लं यांची पोटॅशियम हायड्रॉक्साइडशी क्रिया करून तो बनवतात आणि त्यात भरपूर ग्लिसरीन घालतात. पोटॅशियममुळे साबण मऊ राहतो, स्टिअरिक आम्लामुळे फेस दाट आणि टिकाऊ होतो, ग्लिसरीन तो लवकर सुकू देत नाही. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते (एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कसेही लिहिता येतात). त्यामुळे पाणी, स्टिअरिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ग्लिसरीन ही मंडळी पहिल्या पाच-सहा नावांत दिसली की समजावं, गाडी योग्य रस्त्यावर आहे. साबणाला तेल आपल्यात सामावून घेता येतं, म्हणून सुगंधी तेल अशा क्रीममध्ये छान मिसळतं.

दुसरा प्रकार म्हणजे हातानेच लावायचं, फेस न होणारं क्रीम. व्हॅनिक्रीमचं सुगंधविरहित शेव्हिंग क्रीम या जातीचं आहे. संवेदनशील त्वचेसाठी हा प्रकार चांगला, पण तो तेल आणि पाणी यांची नाजूक बांधणी करून बनवलेला असतो. जास्त सुगंधी तेल पडलं तर ती बांधणी सैल होऊन क्रीम फुटतं, पाणी सुटतं. असं क्रीम घेतलंत तर पुढे दिलेलं प्रमाण निम्म्यावर आणा.

आधी काही दिवस कोरंच वापरा

क्रीम आणलं की लगेच तेल घालायचा मोह होतो. तो आवरा आणि निदान चार वेळा त्याच क्रीमने कोरी दाढी करा. फेस पाच मिनिटं टिकतो की गालावरच मोडतो? ब्लेड सरकतं की अडखळतं? तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होते का? आणि मुख्य म्हणजे, कोमट पाण्यात फेसल्यावर त्याला कसला वास येतो?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण खरोखर बिनवासाचं असं काही नसतं. डबीत थंड असताना जे क्रीम अगदी मुकं वाटतं, तेच गरम फेसात बोलायला लागतं. स्टिअरिक आम्लाचा मेणचट वास, खोबरेलाच्या साबणाचा धुतल्या कपड्यांसारखा वास, लॅनोलिन असेल तर लोकरीचा, प्राण्यांची चरबी असेल तर किंचित तुपकट, कच्चं शिया बटर असेल तर धुरकट वास येतो. हा वास वाईट असतो असं नाही, पण तुमचा सुगंध याच वासावर बसणार आहे. मेणचट किंवा धुरकट पायावर देवदार, वाळा, पाचोली शोभतात. लिंबासारखा पातळ वास तिथे पार बुडून जातो.

सुगंध निवडताना क्षार ध्यानात ठेवा

फेसाच्या क्रीमचा सामू साधारण ९ ते १० असतो, म्हणजे ते चांगलंच क्षारीय असतं. बाटलीत सुरेख वाटणारं तेल या क्षारात तसंच राहील याची खात्री नाही. लॅव्हेंडरच्या वासातला गोडवा ज्या लिनालिल ॲसिटेटमुळे येतो, ते क्षारात हळूहळू तुटतं. ताज्या क्रीममधला तो फुलासारखा वास काही आठवड्यांत कोरडा, वनस्पतीसारखा होतो. मला तो दुसरा वासही आवडतो, पण बदल होणार हे माहीत असावं. व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासातला मुख्य घटक) असलेला कोणताही सुगंध क्रीमला तपकिरी करतो. माझी एक पांढरीशुभ्र बरणी पंधरवड्यात चहाच्या रंगाची झाली होती. क्रीम बिघडलं नव्हतं, पण तो रंग पाहून ते चेहऱ्याला लावायला हात धजेना.

संत्रं, लिंबू यांची तेलं सर्वांत आधी उडून जातात. ती वापरायची असतील तर सोबत जड तेल हवंच. चंदन, वाळा, देवदार, पाचोली क्षारातही टिकतात आणि हलक्या वासालाही धरून ठेवतात. पहिल्या प्रयोगासाठी देवदार आणि लॅव्हेंडर या जोडीत थोडा वाळा घालून पाहा. वाळ्याचा वास खोल आणि चिवट असतो, फार घालू नका.

दालचिनी आणि लवंग यांची तेलं मी सरळ वगळायला सांगेन. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल त्वचेला झोंबतं, शिवाय अनेकांना त्यांची ॲलर्जी होते. ब्लेडने कातडीचा वरचा थर खरवडला जात असताना ती जोखीम घेऊ नये. गवती चहाचं तेलही बेताने वापरा. त्यात सिट्रल भरपूर असतं. एकदा मी अंदाजाने जास्त घातलं आणि गळ्याची आग दिवसभर थांबली नाही. पुदिन्याने गारवा येतो, म्हणजे त्यातलं मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. तापमान प्रत्यक्षात कमी होत नाही. थोडा पुदिना बरा वाटतो, जास्त झाला तर डोळ्यांतून पाणी येतं.

अंगावर फवारायचा परफ्यूम मात्र ओतू नका. त्यातल्या अल्कोहोलने फेस मोडतो. अत्तर चालेल, पण ते कशापासून बनलंय हे ठाऊक असेल तरच.

मोजमाप: थेंबावर विसंबू नका

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. एका दाढीला करंगळीच्या पेराएवढं, म्हणजे साधारण दीड ग्रॅम क्रीम लागतं. तेलाचा एक थेंब साधारण ०.०३ ग्रॅम भरतो. म्हणजे दाढीच्या वाटीत एकच थेंब टाकला तरी प्रमाण थेट २ टक्क्यांवर जातं! चेहऱ्यासाठी हे जास्त आहे, आणि एवढ्या तेलाने फेसही बसतो. ‘रोज एक थेंब टाका’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. थेंबाचा आकारही ड्रॉपरनुसार बदलतो, आणि वाळ्यासारख्या दाट तेलाचा थेंब अधिक जड असतो.

सुरुवात ०.५ टक्क्याने करा. १ टक्क्याच्या वर जाऊ नका. पहिली खेप २० ग्रॅमचीच करा, म्हणजे त्यात तेल पडेल ०.१ ग्रॅम. इतकं कमी वजन तीन तेलांत विभागून मोजणं घरच्या काट्यावर जमत नाही, अगदी ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरही नाही. म्हणून आधी तेलांचं मिश्रण वेगळं करून ठेवा: देवदार १ ग्रॅम, लॅव्हेंडर ०.८ ग्रॅम, वाळा ०.२ ग्रॅम. गडद काचेच्या छोट्या बाटलीत एकत्र करून आठवडाभर मुरू द्या. तिन्ही वास एकजीव होतात, तीक्ष्ण कडा बोथट होतात. या २ ग्रॅम मिश्रणात ०.५ टक्क्याच्या हिशेबाने ४०० ग्रॅम क्रीम होतं, म्हणजे महिनोन् महिने पुरतं.

मिसळायची रीत

काचेची वाटी आणि सपाट चमचा स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करा. कोरं तेल कातडीला लागू नये म्हणून हातमोजे घाला, आणि जवळ पेटती शेगडी किंवा मेणबत्ती नको. वाटी काट्यावर ठेवून २० ग्रॅम क्रीम घ्या. त्यातलं चमचाभर बाजूला काढून त्यात तेलाचं मिश्रण नीट रगडा, मग ते उरलेल्या क्रीममध्ये थोडं थोडं करून घोळा. सगळं तेल एकदम ओतलं तर कुठे गच्च, कुठे कोरं असं होतं आणि गच्च भाग नेमका गळ्यावर येतो. जोरात फेटू नका, उगाच हवा शिरते.

क्रीम घट्ट असेल तर वाटी कोमट पाण्यात धरा. पाणी अंगाला सोसवेल इतकंच ऊन हवं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. पाणी, गुलाबपाणी, फुलांच्या पाकळ्या यांतलं काहीही घालू नका. त्यांच्यामुळे बुरशी आणि जिवाणूंना आयतं घर मिळतं, आणि फेस न होणाऱ्या क्रीममध्ये ही भीती जास्त.

भरायला काचेची बरणी सर्वांत चांगली. ॲल्युमिनियमची डबी क्षाराने खराब होते, तर पॉलिस्टायरीनच्या कडक, पारदर्शक डबीला लिंबूवर्गीय तेलं विरघळवतात. बरणीवर तारीख, प्रमाण आणि तेलांची नावं लिहा. आपल्याला आठवेल असं वाटतं, पण तिसऱ्या बरणीपर्यंत सगळा गोंधळ होतो. मग दोन दिवस तिला हात लावू नका.

आधी हातावर, मग चेहऱ्यावर

त्वचेची चाचणी घेताना साबण लावून वर पट्टी बांधू नका. साबण तसा कोंडून ठेवला तर सुगंध नसतानाही चट्टा उठतो आणि दोष विनाकारण तेलाला लागतो. रोज वापरणार तसंच वापरून पाहा. हाताच्या आतल्या बाजूला फेस लावा, पाच मिनिटांनी धुवा, आणि असं दिवसातून दोनदा आठवडाभर करा. ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही वर येऊ शकते, त्यामुळे पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून हुरळून जाऊ नका. खाज, लाली, बारीक पुरळ यांपैकी काहीही दिसलं तर ती बरणी बाजूला सारा. सुगंधी पदार्थांची ॲलर्जी आधीपासून असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

पहिली दाढी सुट्टीच्या दिवशी, घाई नसताना करा. वास बरणीतून हुंगून ठरवू नका, तोंडावर गरम फेस असताना ठरवा. कमी वाटला तर पुढच्या खेपेत पाव टक्का वाढवा, पण तीन दाढ्या झाल्यावरच. नाकाला नवा वास ओळखायला तेवढा वेळ द्यावा लागतो. वास वाढवल्यावर फेस पातळ व्हायला लागला तर एक पाऊल मागे या. फेसाचा बळी देऊन वास मिळवण्यात अर्थ नाही.

उरलेली तेलं थंड, अंधाऱ्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवा. लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संयोग पावून जे पदार्थ तयार करतात, ते मूळ तेलापेक्षा जास्त ॲलर्जी आणतात. लिंबूवर्गीय तेलाला वार्निशसारखा वास यायला लागला की ते टाकून द्या. आणि हे मिश्रण आवडलं म्हणून त्याच प्रमाणात दाढीनंतरच्या तेलात किंवा लोशनमध्ये घालू नका. दाढीचा फेस पाच मिनिटांत धुतला जातो, लोशन अंगावर दिवसभर राहतं. मिश्रणात साधं बर्गमॉट तेल (एका लिंबूवर्गीय फळाचं) असेल तर उन्हात गेल्यावर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डागही पडू शकतात. तिथे बर्गाप्टेन, म्हणजे उन्हात हा त्रास देणारा घटक, काढून टाकलेलं बर्गमॉट घ्यावं, आणि प्रमाणही बरंच कमी ठेवावं.