सर्व्हो मोटर थरथरते? आधी कपलिंग, मग गेन

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या शेडमध्ये जुन्या मशीनवर नवा डिजिटल सर्व्हो ड्राइव्ह (सर्व्हो मोटर चालवणारा कंट्रोलर) बसवला की पहिला हात गेनकडे, म्हणजे चूक दुरुस्त करायला ड्राइव्ह किती जोर लावतो त्या सेटिंगकडे, जातो. थांबा. आधी वीज बंद करा आणि ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं पूर्ण जाऊ द्या; आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, इथे घाई नकोच. मग कपलिंगचे (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या भागाचे) स्क्रू, बेल्टचा ताण, टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचा बॅकलॅश (उलट फिरवताना जाणवणारी ढिलाई) तपासा. सैल कपलिंगवर गेन वाढवला तर थरथर वाढतेच.

ट्यूनिंग, म्हणजे गेन जमवणं, आतून बाहेर करायचं. ड्राइव्हमध्ये एकात एक असे तीन नियंत्रण लूप असतात: आधी करंट, मग वेग, शेवटी पोझिशन. मोटरचा डेटा नीट भरला की करंट लूप बहुतेक ड्राइव्ह स्वतःच जमवतात. वेगाचा गेन मात्र थोडाथोडा चढवा आणि कान मोटरकडे ठेवा. ती गुणगुणायला लागली की गेन चांगला मागे घ्या. हे सगळं टेबलावर खऱ्या जॉबचं वजन ठेवूनच करा. रिकाम्या टेबलावर जमवलेला गेन जॉब चढल्यावर बिघडतो, कारण जडत्व बदललेलं असतं. ऑटो-ट्यूनिंगलाही (ड्राइव्ह स्वतः गेन जमवतो तेव्हाही) हाच नियम लागू.

एन्कोडरची (मोटरची जागा मोजणाऱ्या सेन्सरची) केबल मोटरच्या पॉवर केबलसोबत एका ट्रेमधून नेऊ नका.