पुरात मदतीला उतरताय? आधी या चुका टाळा

जून उजाडला की गावातली पोरं विचारायला लागतात, "दादा, बोट कधी येणार?" जनावरं कुठं हलवायची, हे एकजण विचारेल तर शपथ. माझं पहिलं दुखणं हेच.

सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पण कृष्णाकाठची माणसं पाणी मोजतात आपल्या पायरीवर. "२००५ला उंबऱ्याला लागलं नव्हतं," एवढ्या भरवशावर २०१९ला घरंच्या घरं बसून राहिली आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीतले एक आजोबा दोन म्हशींपायी हलेनात. ते हलेनात म्हणून सून हलेना, नातवंडं माडीवर. शेवटी दावी कापायला आम्ही दोघं गळाभर पाण्यात गोठ्यात शिरलो. एकच म्हैस वाचली. तेव्हापासून मी मेमध्येच वही करतो: कुणाची किती जनावरं, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला इन्सुलिन लागतं. मोबाईलमध्ये नाही, वहीत. वीज गेली की मोबाईल दुसऱ्या दिवशी मेलेला असतो. आणि ३५ फुटांलाच जनावरं उंचावर न्यायला लावतो. लोक हसतात. हसू देत.

दुसरी चूक लाइफ जॅकेटची. २०२१ला एक उत्साही पोरगं जॅकेट बंडीसारखं उघडं घालून बोटीत बसलं, फोटो काढायला उभं राहिलं आणि गेलं पाण्यात. जॅकेट वर तरंगत कानाशी आलं, हा बगलेतून खाली सरकतोय! शटरच्या कडीला हात लागला म्हणून निभावलं. मी आता प्रत्येकाचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघतो. हनुवटीपर्यंत आलं, तर उतर खाली, पट्टे परत आवळ. मोठा भाऊ चिडतो, पाहुणे चिडतात. माझा इलाज नाही.

बोटीत "अजून एक बसव" म्हणणाऱ्यानं ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळ गावात जादा माणसं भरलेली बोट उलटली, ते आठवावं. मी बसवत नाही. रडणं ऐकवत नाही, तरी नाही. दुसरी फेरी मारतो. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून तर मुळीच जाऊ नका, ती गोल फिरते.

बाकीचं थोडक्यात. जुने कपडे पाठवू नका, चिखलात त्यांचेच ढीग लागतात. धरण फुटल्याचा मेसेज पुढं ढकलण्याआधी १०७७ला, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, फोन लावा. पाणी ओसरलं तरी मेन स्विच वायरमन आल्याशिवाय वर करू नका. पायाला जखम असेल तर गमबूट नसताना चिखलात उतरू नका, लेप्टो होतो, म्हणजे जखमेतून शिरणारा ताप.

परवा एकानं विचारलं, आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदतीला उतरणाऱ्या सरकारी योजनेतल्या स्वयंसेवकांचं, प्रशिक्षण बारा दिवसांचं कशाला, दोन दिवसांत उरकत नाही का? त्याला दोरी दिली आणि म्हटलं, बोलाइन, ती न सरकणाऱ्या फासाची गाठ, बांधून दाखव. चपलेच्या नाडीची गाठ मारली त्यानं.