महापालिकेकडे हरकत नोंदवताय? या चुका टाळा

विकास आराखड्याची जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात छापून येते, आणि पंचवीस दिवस तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सव्विसाव्या दिवशी कुणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो टाकतो आणि पळापळ सुरू होते. एकोणतिसाव्या दिवशी रात्री दारोदार सह्या, तिसाव्या दिवशी दुपारी आवक-जावकच्या खिडकीपुढे रांग. सुनावणी होते, आराखडा जसाच्या तसा पुढे जातो आणि तीच मंडळी सांगत फिरतात, "अहो, सगळं आधीच ठरलेलं असतं."

असतंही कधीकधी. पण फेटाळलेल्या हरकतींचा गठ्ठा उघडून पाहिला तर निम्म्याहून जास्त कागदांत हरकती ऐकणाऱ्या समितीने मान्य करावं असं काही लिहिलेलंच नसतं. मान्य काय करणार, संताप?

सर्वसाधारण सभेत उभं राहून बोलू, हा समज

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ प्रमाणे महापालिकेची सभा जनतेला खुली असते. हजर नगरसेवकांच्या बहुमताने ठराव झाला तरच ती बंद दाराआड घेता येते. खुली म्हणजे सज्जात बसून ऐकायला खुली. नागरिकाला माइक मिळत नाही. सज्जातून घोषणा दिल्या तर सुरक्षारक्षक बाहेर काढतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी गोंधळाची येते, तुमच्या विषयाची नाही.

बोलायचं असेल तर नगरसेवकाच्या तोंडून बोलावं लागतं, आणि त्याची तयारी सभेच्या दिवशी सकाळी होत नसते. सभेचं कामकाज सांभाळणाऱ्या नगरसचिवांच्या कार्यालयातून विषयपत्रिका मिळवा, विषयाचा क्रमांक बघा आणि किमान दोन दिवस आधी एक पानाचं टिपण नगरसेवकाच्या हातात द्या. एकच पान. सात पानी निवेदन गाडीच्या मागच्या सीटवर पडून राहतं. त्या पानावर उपसूचनेचा, म्हणजे मूळ प्रस्तावात सुचवायच्या दुरुस्तीचा, तयार मजकूर असला तर उत्तम, कारण सभागृहात प्रस्तावाला वळण मिळतं ते उपसूचनेनेच. ते बिल्डरांना आणि कंत्राटदारांना नीट ठाऊक असतं, नागरिकांना नसतं. आयत्या वेळच्या विषयांवरही लक्ष ठेवा. पत्रिकेत नसलेला प्रस्ताव तिथूनच आत शिरतो.

२०२२ नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांत सभागृहच नव्हतं, प्रशासकांच्या सहीने ठराव होत होते. त्या काळात लोकांना थेट आयुक्तांना पत्र टाकायची सवय लागली. सभागृह असताना ही सवय घातक ठरते. पत्र आयुक्तांकडे, प्रस्ताव स्थायी समितीत आणि निर्णय तिसरीकडेच, अशी गत होते.

हरकत बरोबर, टेबल चुकीचं

'महापालिकेला हरकत दिली' या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली सूचना निघाली आहे, त्यावर हरकत कुणाकडे आणि कधीपर्यंत द्यायची ते ठरतं.

प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरात कुठे काय असावं हे ठरवणारा कच्चा आराखडा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली येतो. कुठे मुदत ३० दिवसांची दिसेल, कुठे ६०. शेजारच्या शहरात किती होती ते विचारत बसू नका, सूचनेत छापलेली तारीख पाळा. मंजूर आराखड्यात नंतर केलेला फेरबदल, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेवरचं आरक्षण उठवणं किंवा हिरव्या पट्ट्याचा रहिवासी करणं, कलम ३७ खाली येतो. तिथे एक महिना मिळतो, आणि ज्यांना बदलाची झळ लागणार त्यांना स्वतंत्र नोटीस व सुनावणी द्यावी लागते. रस्तारुंदीसाठी रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे त्याची ठरवून दिलेली हद्द, बदलायची असेल तर १९४९ च्या अधिनियमाचं कलम २१० लागतं. इथे भलेभले फसतात. ही हरकत नगरसचिवांच्या कार्यालयात, ज्या सभेत विषय ठरणार तिच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी पोचावी लागते. लोक ती पथ विभागाच्या अभियंत्याला नेऊन देतात. तो ती घेतोही, वर चहा पाजतो. स्थायी समितीपुढच्या कागदांत मात्र ती नसते.

वृक्षतोडीची हरकत वृक्ष अधिकाऱ्याकडे, १९७५ च्या झाडांसंबंधीच्या कायद्याखाली. सूचना वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही चिकटवावी लागते. झाडावर कागद नसेल तर तारीख दिसेल असा त्याचा फोटो हीच पहिली हरकत.

लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, धोरणाविषयीच्या हरकती घेऊन जाऊ नका. तो वैयक्तिक तक्रारींसाठी आहे.

एकच मजकूर, पाचशे सह्या

ही चूक सगळ्यांत लाडकी. कुणीतरी वकील मित्राकडून एक नमुना बनवून आणतो, त्याच्या पाचशे झेरॉक्स निघतात, प्रत्येकावर नाव, सही, फ्लॅट नंबर. गठ्ठा जमा करतानाचा फोटो स्थानिक पानावर झळकतो. सगळ्यांना मोठं काम केल्याचं समाधान.

त्या गठ्ठ्याचं पुढे काय होतं ते बघा. नगररचना विभागात प्रत्येक हरकतीची तक्त्यात नोंद होते: अनुक्रमांक, हरकतदाराचं नाव, सर्व्हे नंबर, हरकतीचा गोषवारा, विभागाचा अभिप्राय, समितीची शिफारस. गोषवाऱ्याचा रकाना दोन ओळींचा. तुमच्या पाचशे कागदांचा गोषवारा एकच निघतो, म्हणून ते एका गटात बांधले जातात आणि अभिप्रायही एकच पडतो: 'नियोजनाच्या दृष्टीने रस्ता आवश्यक, हरकत अमान्य करावी.' पाचशे माणसं एका ओळीत निकालात निघाली. वर सुनावणीला पाचशेंना एकाच वेळी बोलावणं येतं, त्यातले चाळीस येतात, दोघे बोलतात.

संख्येला काहीच किंमत नाही असं नाही. राजकीय दबावासाठी तिचा उपयोग आहे आणि तो करावा. पण त्यासाठी एकच निवेदन लिहा आणि पाठीमागे सह्यांची यादी जोडा, पाचशे झेरॉक्स कशाला? हरकती मात्र वेगवेगळ्या लिहा, आणि वेगवेगळ्या म्हणजे खरोखर वेगळ्या मुद्द्यांच्या. एकाने इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र जोडावं. दुसऱ्याने पाण्याच्या मुख्य वाहिनीचा प्रश्न काढावा, तिसऱ्याने शाळेच्या फाटकाचा, चौथ्याने नाल्याच्या पूररेषेचा. आठ मुद्द्यांच्या आठ हरकतींवर विभागाला आठ अभिप्राय लिहावे लागतात. त्यातला एखादा लिहिताना अधिकाऱ्याची लेखणी अडखळली तर तुमचं काम झालं.

ज्यांना घाई आहे त्यांना हे पटत नाही. 'नमुना पाठवा ना, भरून देतो' हाच निरोप येतो. नमुना पाठवू नये. मुद्द्यांची यादी पाठवावी आणि प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावं. अक्षर वाईट असलं तरी चालतं.

'रद्द करा' एवढंच लिहिणं

नेहमीची हरकत अशी असते:

'सदर रस्त्यामुळे परिसरातील नागरिकांवर घोर अन्याय होत असून पर्यावरणाचा ऱ्हास होणार आहे. तरी सदर रस्ता तात्काळ रद्द करण्यात यावा, ही नम्र विनंती.'

कोणता रस्ता? कुठून कुठे जाणारा? ऱ्हास कशाचा? आता ही दुसरी वाचा:

'भाग नकाशा ४ वर सर्व्हे नं. ६२ मधून दाखवलेला प्रस्तावित १८ मी. रस्ता अस्तित्वातील इमारतीवरून जातो. इमारतीस २००९ मध्ये भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे (जोडपत्र १). विद्यमान जमीन वापर नकाशात ही जागा मोकळी दाखवली आहे, ती चूक आहे (जोडपत्र २, फोटो). मागणी: रस्त्याची आखणी ९ मी. पूर्वेस सरकवावी. ते शक्य नसल्यास या पट्ट्यात रुंदी १२ मी. ठेवावी.'

सहा ओळी. यात जागा आहे, चूक आहे, पुरावा आहे आणि मागण्या दोन आहेत. दुसरी मागणी फार महत्त्वाची. समितीला सगळं मान्य करणं जड जातं, थोडं मान्य करणं सोपं. ती पायरी तुम्ही ठेवली नाही तर समिती स्वतःहून बांधून देत नाही. पर्याय सुचवताना मात्र शेजाऱ्याच्या प्लॉटवर रस्ता ढकलू नका. तोही सुनावणीला येईल आणि त्याच्याकडेही जोडपत्रं असतील.

'आरडाओरडा केला की आराखडा रद्द होतो' याचं उदाहरण म्हणून मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याकडे बोट दाखवलं जातं. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. आरडाओरडा झालाच होता. पण आराखडा अडचणीत आला तो मोजून दाखवता येणाऱ्या चुकांनी: उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, नकाशातून गळालेल्या वारसा वास्तू. विद्यमान जमीन वापराच्या, म्हणजे आज कुठे काय आहे ते दाखवणाऱ्या, नकाशातल्या चुका नागरिकांच्या संस्था त्याआधीपासूनच दाखवत होत्या. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं, पुन्हा हरकती झाल्या आणि शासनाची मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. म्हणून विद्यमान जमीन वापराचा नकाशा बघायला मिळाला की त्याच आठवड्यात आपली गल्ली तपासून घ्या. तिथे शाळेच्या जागी 'मोकळी जागा' लिहिलेलं राहिलं तर पुढे त्या जागेवर काहीही येऊ शकतं.

झाडांचंही तेच. 'झाडे तोडू नका' यापेक्षा 'यादीतील क्र. ११, १२ व १७ ही झाडे बांधकामाच्या हद्दीबाहेर आहेत, मोजमाप सोबत' हे जास्त टिकतं. बुंध्याचा घेर जमिनीपासून १.३७ मी. उंचीवर मोजा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. झाड पन्नास वर्षांहून जुनं असेल तर ते ठळक लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे.

प्रभाग रचनेवरची हरकत

'अमक्या पुढाऱ्याच्या सोयीसाठी प्रभाग फोडला' हे खरं असलं तरी लिहू नका. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला ते नोंदवून घेण्यापलीकडे काही करता येत नाही. जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले वस्तीचे छोटे भाग, काढा, लोकसंख्येची बेरीज करा आणि ती सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त या मर्यादेत बसते का ते दाखवा. नाला, रेल्वेमार्ग किंवा मोठा रस्ता ओलांडून हद्द गेली असेल तर नकाशावर लाल पेनाने खूण करा. पुढाऱ्याचं नाव न घेता त्याची सोय मोडायचा रस्ता हाच.

बारीकसारीक, पण महागात पडणाऱ्या

पोच न घेणं. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा' म्हटलं तर ठेवून जाऊ नका, बसा.

सूचनेत ईमेलचा पत्ता नसताना ईमेल करणं. असला तरी कागदही द्या.

एकाच अर्जात रस्ता, कचरा, भटकी कुत्री आणि पाण्याचा दाब. रस्ता सोडून बाकीचं फाडून टाका.

पत्ता अपुरा लिहिणं. सुनावणीची नोटीस परत गेली की तुम्ही 'गैरहजर'.

शेवटच्या दिवशी जाणं. शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर काय, यावर वाद घालायला वकील आहेत. तुम्ही पाच दिवस आधी जा.

सुनावणीत भाषण करणं

विकास आराखड्याच्या हरकती १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २८ ची नियोजन समिती ऐकते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि वरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. दिवसभर त्यांनी अन्याय, भ्रष्टाचार आणि 'आम्ही करदाते' ऐकलेलं असतं. तुम्हाला तीन-चार मिनिटं मिळतात. पहिल्या वाक्यात हरकतीचा क्रमांक आणि सर्व्हे नंबर सांगा, म्हणजे समोरचे कागद उलटतील. कागद सापडेपर्यंत गप्प राहा. मग नकाशाची मोठी प्रत टेबलावर ठेवून बोटाने जागा दाखवा, मागणी वाचा, खाली बसा. मोबाइलवरचे फोटो दाखवू नका. सात जण एका फोनवर वाकले की तुमची मिनिटं संपली.

स्वतः जाता येत नसेल तर अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवा. नवा पुरावा त्याच दिवशी लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या. तोंडी बोललेलं टिपणात कसं उतरेल याचा भरवसा नाही.

सुनावणी झाली की घरी जाऊन झोपणं

समितीची शिफारस आणि त्यामागचं कारण मागवा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. महाराष्ट्रात तो एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून 'माझ्या हरकतीवर काय कार्यवाही झाली' असं मोघम विचारू नका. 'हरकत क्र. अमुक, सुनावणी दि. अमुक, तक्त्यातील विभागाचा अभिप्राय व समितीची शिफारस यांची प्रत' असं मागा. उत्तराला ३० दिवस धरा.

सभेत ठराव झाला असेल तर इतिवृत्ताची प्रमाणित प्रत घ्या, उपसूचनेसकट. ठराव कायद्याला धरून नसेल तर महापालिकेच्या बाबतीत राज्य शासनाला १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित वा विखंडित, म्हणजे रद्द, करता येतो. नगरपालिका असेल तर १९६५ च्या अधिनियमाचं कलम ३०८ आणि जिल्हाधिकारी. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: 'तुम्ही मुदतीत लेखी हरकत घेतली होती का?' तेव्हा ती शिक्क्याची दुसरी प्रत काढून पुढे ठेवा. ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेली असू द्या, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात नको.