जुनी टोयोटा घेताय? आधी धागा बघा

आमच्या इचलकरंजीत वडिलांचे चार साधे माग होते. साध्या मागावर उभा धागा तुटला तरी माग चालतच राहतो, आणि तुटल्या धाग्याची रेघ कापडात उतरत जाते. गिऱ्हाईक तो तागा परत पाठवतं. शाळा सुटली की मी त्या चार मागांमधून फिरायचो आणि तुटलेला धागा दिसला की दांडा ओढून माग बंद करायचो. वडिलांचं सांगणं एकच असायचं, "आधी माग थांबव, मग मला हाक मार."

टोयोटाची गोष्टही मागापासूनच सुरू होते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. साकिची टोयोडा हा जपानमधल्या एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा. जन्म १८६७ चा. घरात आई हातमागावर बसायची, ते बघत तो वाढला आणि आयुष्यभर माग सुधारत राहिला. १९२४ साली त्यानं आणलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं की न थांबता धोटा बदलायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याच्या पेटंटचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो याला मोटारीचा ध्यास होता. मागाच्याच कारखान्यात त्यानं मोटारीचा विभाग काढला आणि १९३७ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली. आडनाव टोयोडा, पण कंपनीचं नाव टोयोटा ठेवलं, कारण जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ हा तिकडे शुभ आकडा.

मी गेली वीस वर्षं भाड्याच्या गाड्या चालवतो. पंढरपूर, शिर्डी, लग्नाची वऱ्हाडं. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "दादा, जुनी इनोव्हा मिळतेय, घेऊ का? टोयोटा आहे म्हणजे डोळे झाकून घ्यायची ना?" डोळे झाकून घेतलेल्या गाडीनं माझं काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं मी इतकं पोटतिडकीनं का सांगतोय ते कळेल.

२००५ साली टोयोटाची क्वालिस बंद होऊन इनोव्हा आली. क्वालिसला तेव्हाही तुफान मागणी होती. २००६ च्या सुरुवातीला एका एजंटकडून मी जुनी क्वालिस घेतली. रंग चकचकीत, सीट कव्हर नवी, इंजिन एका स्टार्टमध्ये चालू. नाव टोयोटा, मग बघायचं काय? दोन महिन्यांनी रात्री मंगळवेढ्याच्या अलीकडे हेडलाइट गेले. गाडीत आई, वडील आणि शेजारची तीन माणसं. मागून ट्रक येत होते. टॉर्च धरून गाडी कडेला घेतली आणि रात्र तिथंच काढली. सकाळी फिटरनं ड्रायव्हरचा सीटबेल्ट मुळापर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची सरळ रेघ होती. २००५ च्या पुरात ती गाडी खिडकीपर्यंत बुडलेली होती. एजंटनं सगळं धुतलं होतं, पण पट्ट्याचा आत गुंडाळलेला भाग धुवायचा राहिला होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. नाव कंपनीचं असतं. आपल्या दारात उभी राहते ती एक गाडी असते, आणि तिला कुणीतरी दहा वर्षं वापरलेलं असतं. ती तपासायची कशी, हे या कंपनीनंच जगाला शिकवलं आहे. तीच रीत मी जुन्या गाडीला लावतो.

कुठली टोयोटा, ते आधी ठरवा

इनोव्हा या एका नावाखाली तीन वेगळ्या गाड्या आहेत. २००५ ते २०१६ ची अडीच लिटर डिझेलची, २०१६ पासूनची क्रिस्टा, आणि २०२२ च्या शेवटी आलेली हायक्रॉस. पहिल्या दोन चासीवरच्या (चासी म्हणजे गाडीखालचा वेगळा लोखंडी सांगाडा), मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या. हायक्रॉसला वेगळी चासी नाही, ताकद पुढच्या चाकांना आणि इंजिन पेट्रोल किंवा हायब्रिड. ती गाडी चांगली आहे, पण "इनोव्हा पाच लाख किलोमीटर जाते" हा लौकिक चासीवाल्या डिझेल गाड्यांनी मिळवलेला आहे. तो हायक्रॉसला आयता लावू नका, तिला अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत. टोयोटाची ग्लान्झा घेणार असाल तर ती बलेनोच आहे, मारुती सुझुकीच्या कारखान्यात बनलेली. ती तपासताना बलेनो ओळखणारा फिटर न्या. (सुझुकीही मागाचीच कंपनी, १९०९ ची, हामामात्सुची. साकिचीचं गाव तिथून जवळच. आम्हा मागवाल्यांना याचं अप्रूप वाटतं.)

आणि टोयोटा आपल्याकडे आली तीही मागाच्याच वाटेनं. १९९५ मध्ये किर्लोस्करांशी त्यांची पहिली भागीदारी झाली ती सूत कातायच्या यंत्रांसाठी. गाड्यांची भागीदारी १९९७ ची, कारखाना बंगळूरजवळ बिडदीला. त्यातले विक्रम किर्लोस्कर म्हणजे ज्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर केले त्या लक्ष्मणरावांचे पणतू. किर्लोस्करवाडी आमच्यापासून दीड-दोन तासांवर आहे.

स्वतः जा, सकाळी जा, आणि उभे राहा

टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो नावाचे मोठे अधिकारी होते. लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच माल, ही पद्धत त्यांनी बसवली. ते जमिनीवर खडूनं गोल काढून नव्या माणसाला त्यात उभं करायचे आणि तासन्‌तास नुसतं काम बघायला लावायचे. जिथं काम चालतं तिथं जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा, हा त्यांचा नियम.

म्हणून फोटोवर सौदा करू नका. सकाळी सात वाजता जा, आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर इंजिन आधीच तापवून ठेवलंय. अशा वेळी भांडू नका, दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू होऊ द्या आणि सायलेन्सरच्या मागे दहा मिनिटं उभे राहा. सुरुवातीला थोडा धूर येऊन थांबला तर ठीक. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण सोडून तोंडावर उलटं ठेवा. ते नुसतं थरथरलं तर चालेल. उडून पडलं आणि तिथून धुराचे झोत आले तर फिटर म्हणतात तसं इंजिन "बॅक कॉम्प्रेशन" मारतंय, म्हणजे जळालेला वायू पिस्टनच्या कडेनं खाली गळतोय. त्याचा खर्च मोठा असतो.

पूर आणि खारी हवा

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, चिपळूण या भागातली गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ लक्षात ठेवा. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला, सीटच्या रुळांच्या बोल्टवर गंज बघा, फ्यूजच्या डब्याच्या कोपऱ्यात नख फिरवा. नदीचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो आणि नखात अडकतो. किनाऱ्यावरची गाडी असेल तर जमिनीवर झोपून चासी बघा. वरचा पत्रा रंगवून मिळतो, चासीच्या आतल्या अंगाला सहसा कुणी हात लावत नाही. वेल्डिंगचे ताजे टाके दिसले, किंवा चासीवर कोरलेल्या नंबरचे आकडे वाकडेतिकडे असले, तर तिथूनच घरी या.

टायमिंग बेल्ट

अडीच लिटरच्या इनोव्हात टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. या एका पट्ट्याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण इंजिन मजबूत असलेल्या गाड्या इथंच मरतात. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावंच लागतं. दर लाख किलोमीटरला बेल्ट बदलायचा, हा माझ्या फिटरचा हिशेब. बेल्टची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, पण तो दिवा बेल्ट न बदलताही विझवता येतो. म्हणून दिवा बंद आहे यावर जाऊ नका, बेल्ट बदलल्याचं बिल मागा. त्यावर तारीख आणि किलोमीटर हवेत. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करा. क्रिस्टाच्या २.४ डिझेलला चेन आहे, तिथं ही काळजी नाही.

पाच वेळा "का?" विचारा

हीसुद्धा टोयोटाचीच रीत. ओनो यांचं उदाहरण असं. यंत्र बंद पडलं. का? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण कमी पडलं. का? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. पहिल्याच उत्तरावर थांबलं असतं तर नुसता फ्यूज बदलला असता.

मी २०१६ मध्ये बघितलेल्या एका इनोव्हाचा पुढचा डावा टायर आतल्या बाजूनं खाल्लेला होता. मालक म्हणाला, अलाइनमेंट बिघडलंय, तीनशे रुपयांचं काम. अलाइनमेंट का बिघडलं? लोअर आर्म, म्हणजे चाक धरणारा खालचा दांडा, किंचित वाकला होता. तो का वाकला? खड्ड्यात आदळली म्हणे. मग रेडिएटरमागची पट्टी नवीन का? हेडलाइट एक जुना, एक नवा का? पाचव्या प्रश्नाला मालक गप्प बसला. गाडी समोरून ठोकलेली होती. मी तिला हात जोडले.

मीटरचंही तसंच. ऐंशी हजार दाखवतंय, मग क्लचच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत का? स्टिअरिंगला पॉलिश का चढलंय? मालकाला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि गाडीच्या नंबरावर जुनी नोंद काढून घ्या. पूर्वी पिवळ्या पाटीवर धावलेली गाडी पांढरी करून विकतात. ते चुकीचं नाही, पण किंमत भाड्याच्या गाडीची द्या.

लौकिकाबद्दल

ही कंपनी पहिल्यापासून अशी नव्हती. १९५० मध्ये ती बुडायला आली होती. कामगार कमी करावे लागले, मोठा संप झाला आणि किइचिरोनं त्याची जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. कोरियाच्या युद्धामुळे ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी वाचली. पण भरभराट बघायला किइचिरो राहिला नाही, १९५२ मध्ये गेला. १९५७ मध्ये क्राउन गाडी अमेरिकेत नेली, ती तिथल्या महामार्गांच्या वेगाला टिकली नाही आणि विक्री थांबवावी लागली. परत येऊन त्यांनी गाड्या सुधारल्या. १९६६ ची कोरोला, १९६८ ची हायलक्स हा सगळा त्यानंतरचा लौकिक.

आणि मिळवलेला लौकिकही डागाळतो. २००९-१० मध्ये अॅक्सिलरेटर अडकण्याच्या तक्रारींवरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. साकिचीचे पणतू अकिओ टोयोडा अमेरिकन संसदेच्या समितीसमोर उभे राहिले आणि माफी मागितली. आपण फार वेगानं वाढलो, असं त्यांनी तिथं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये तर मूळ मागाच्या कंपनीनंच, आजच्या टोयोटा इंडस्ट्रीजनं, डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गडबड केल्याचं उघड झालं. आपल्याकडे क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी काही काळ थांबली. चालू गाड्या वापरायला हरकत नाही, असं कंपनीनं सांगितलं. ती बातमी वाचून मला मनापासून वाईट वाटलं, कारण धागा तुटला की थांबणारा माग ज्यांनी केला त्यांच्याच घरातली ही गोष्ट.

दोरी ओढायची तयारी

टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोरी असायची. काही चुकतंय असं वाटलं की साधा कामगारही ती ओढून मदत मागू शकायचा, आणि चूक तिथल्या तिथं सुटली नाही तर अख्खी लाइन थांबायची. सौद्यात ती दोरी तुमच्या हातात आहे, पण विसार देईपर्यंतच. म्हणून तपासणी पुरी होईपर्यंत हजार रुपयेही देऊ नका. "दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाले तर येऊ द्या.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर. दंडाची चलनं ऑनलाइन बघा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि शंका असेल तर बेल्ट. जुना बेल्ट फिटरकडून मागून घ्या आणि बोटांनी वाकवून बघा. मग शंभर पानी वही आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. माझ्या इनोव्हाची वही २०१६ ची आहे. पहिली नोंद वडिलांच्या अक्षरात, सुताच्या हिशेबाची असायची तशी रेघ मारून लिहिलेली: "१,६२,४०० कि.मी. पट्टा बदलला. जुना पाहिला. दोन ठिकाणी चीर."